गाडी जाईपर्यंत

"कुठली ट्रेन?" तमन्नाने विचारलं, आणि एडिटिंगच्या खोलीत सगळे हसले. तमन्ना काहीतरी तिरकं बोलणार आणि आपण हसायचं, हे चौघांच्यात केव्हाच ठरून गेलेलं होतं. पण ती स्वतः हसत नाहीये हे दिसल्यावर आदिनाथने कानावरचा हेडफोन काढून तिच्या हातात दिला. पडद्यावर तिची आई उंबऱ्यात बसली होती आणि बोलत होती. तमन्नाने मन लावून ऐकलं. आवाज स्वच्छ होता, कुठे फाटला नव्हता, कपड्याची सळसळसुद्धा नव्हती. "नीट आहे की," ती म्हणाली, जराशी फुशारून. मग आदिनाथने संगणकावर काहीतरी खालीवर केलं, आईचा आवाज बारीक झाला, आणि जिथे तमन्नाच्या मते काहीच नव्हतं तिथून एक मालगाडी निघाली. डब्यामागून डबा, रुळांच्या सांध्यांवर आपटत, अगदी निवांत. ती कितीतरी वेळ जातच होती. तमन्ना हादरली. मालगाडी होती म्हणून नव्हे, ती आत्तापर्यंत ऐकू आली नव्हती म्हणून.

कारण फिल्मचा आवाज हे तिचं काम होतं. तळेगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला चौघांनी मिळून एक छोटी फिल्म करायची आणि ती हॉलमध्ये घरच्यांसकट सगळ्यांना दाखवायची असते. संदेशने गोष्ट लिहिली आणि दिग्दर्शनही आपल्याकडे घेतलं, प्रेरणाने कॅमेरा घेतला, आदिनाथने एडिटिंग. उरलेलं काम तमन्नाला मिळालं, पण तिने ते उरलेलं म्हणून घेतलं नव्हतं. रंगाऱ्याच्या लांब दांड्याला माइक बांधून, कानांवर हेडफोन चढवून ती आपल्याच घराच्या अंगणात उभी राहिली होती, दंड भरून येईपर्यंत. दर शॉटनंतर संदेश विचारायचा, "तमन्ना, साउंड?" आणि ती अंगठा वर करायची. गोष्ट होती एका बाईची, जी एके सकाळी चूल पेटवत नाही. भांडत नाही, रडत नाही, नुसती उंबऱ्यात जाऊन बसते, आणि घरातले एकेक जण येऊन तिला उठवू पाहतात. फिल्मचं नाव 'आज चूल बंद'. पुण्याहून येणारी नटी आयत्या वेळी आली नाही, तेव्हा चौघं तोंड पाडून अंगणात बसले होते. परवीन, म्हणजे तमन्नाची आई, उंबऱ्यात मेथी निवडत होती. संदेश तिच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हीच बसता का?" परवीन आधी पदराआड हसली, मग तिने इकबालकडे, म्हणजे नवऱ्याकडे, बघितलं. इकबाल कुणाचातरी मिक्सर उघडून बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "बस की. बसायचंच तर आहे." तर अशी ती बसली. आणि मजा अशी, की चूल न पेटवणाऱ्या बाईचं काम करणारी ही बाई पहाटे उठून सगळ्या युनिटचा स्वयंपाक उरकून मगच उंबऱ्यात येऊन बसायची. यावर कुणीच काही बोललं नाही. तमन्नासुद्धा नाही, तिनेही दोन घास जास्तच खाल्ले.

आता कळत होतं की मालगाडी एकटी नव्हती. जवळजवळ प्रत्येक शॉटखाली काही ना काही होतं: शिट्टी, ब्रेकचं किरकिरणं, घाट चढताना गाडीला मागून रेटत आणणारी इंजिनं लोणावळ्यात सुटतात तेव्हाचा तो लोखंडी धक्का. तमन्नाचं घर लोणावळ्याच्या भांगरवाडीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. ती ज्या दिवशी जन्मली त्या दिवसापासून गाड्या तिच्या कानावरून जात होत्या आणि कान त्यांना वाट देत होते. आपल्या श्वासाचा आवाज जसा कुणी ऐकत बसत नाही, तसं. हेडफोनमध्येही तिने आई ऐकली, कावळा ऐकला, शेजारच्या घरातली शिट्टी द्यायला आलेली कुकरची वाफ ऐकून शॉट थांबवला, आणि अख्खी मालगाडी सोडून दिली. "अगं, आम्हाला ऐकू येत होती," प्रेरणा म्हणाली. ती देहूरोडची, तिच्या गावातूनही गाड्या जातात, पण तिचे वडील लष्कराच्या डेपोत, त्यांचं क्वार्टर रुळांपासून लांब. "पण आम्हाला वाटलं, तू ऐकतेयस ना." यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

संदेश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, दोन द्यायला आणि दोन घ्यायला तमन्ना कधीच मागे राहत नसे. तो खुर्ची वळवून शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, डबिंग करू. मावशींना ओठाला ओठ जुळवून बोलणं जमणार नाही. प्रेरणा बोलेल. तसंही मावशींचं बोलणं जरा..." आणि त्याने हात हवेत हलवला. हा 'तसंही' तमन्नाच्या ओळखीचा होता. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षक बाईंनी कौतुकाने तिचा गालगुच्चा घेऊन विचारलं होतं, "किती स्वच्छ मराठी गं तुझं! घरी काय बोलता तुम्ही?" ती म्हणाली, "मराठी." बाई हसल्या. "नाही गं, स्पर्धेपुरतं नाही, म्हणजे घरी. घरी काय बोलता?" ती पुन्हा म्हणाली, "मराठी." बाईंनी तिच्याकडे बघून अशी मान हलवली, जणू पोरगी हुशार आहे पण खोटं बोलते. त्या दिवसापासून तमन्ना या एका प्रश्नाला तयार होऊन बसलेली असे, दाराला कडी लावून. आणि आता तोच प्रश्न मागच्या दाराने, तिच्याच चुकीचा हात धरून, तिच्या आईपर्यंत पोचला होता. चौघांचं एकमत झाल्याशिवाय फिल्म दाखल करून घ्यायची नाही असा फिल्मचा विषय शिकवणाऱ्या मॅडमचा नियम होता. तिघांनी हो म्हटलं. तमन्ना म्हणाली, "उद्या सांगते." चूक आपलीच असताना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं, ते तिला सुचेना.

तळेगावहून लोकल दुपारी रिकामीच असते. खिडकीशी बसून तिने मोबाइलमध्ये घेतलेलं सगळं ध्वनिमुद्रण कानाला लावलं आणि जणू शिक्षा म्हणून पहिल्यापासून ऐकायला घेतलं. आता कान उघडलेच होते. वडगाव गेलं, कान्हे गेलं, भातखाचरांवरून उन्हं चालली होती, आणि तिच्या कानात आई बोलत होती आणि आईच्या खालून गाड्या. ऐकता ऐकता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि तिने मागे जाऊन ती पुन्हा ऐकली. आई मध्येच थांबत होती. वाक्य अर्धं टाकून, तोंड तसंच उघडं ठेवून थांबायची, आणि मग तिथूनच पुढे बोलायची. शूटिंगच्या वेळी संदेश या थांबण्यावर लट्टू झाला होता. "काय पॉझ घेतायत मावशी! शिकवून येत नाही हे." पॉझ कसला? गाडी अगदी घरासमोर यायची तेव्हा आई थांबत होती. गाडी लांब गेली की बोलत होती. भांगरवाडीतली सगळीच माणसं असं बोलतात, तमन्ना स्वतःही बोलत असणार. बाजारात भाव करताना, भांडताना, नमाजाहून परतलेल्या शेजाऱ्याशी दारात बोलताना, लोक गाडीपुरते गप्प होतात आणि पुन्हा चालू होतात, आणि कुणालाच आपण गप्प झालो होतो हे ठाऊक नसतं.

पण आई मुळातली इथली नव्हती. ती आंदर मावळातली, डोंगराच्या कुशीतल्या गावची, जिथे एस्टीसाठी घाटाखाली चालत यावं लागायचं. तिथे तिचा आवाज एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जायचा. लावणीच्या वेळी या टोकाच्या बाईला त्या टोकावरून हाक मारायची असली, तर परवीनला सांगायचे. लग्न होऊन भांगरवाडीत आली तेव्हा ती गाडीशी चढाओढ करून बोलायची. सासूने, म्हणजे तमन्नाच्या दादीने, पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "गाडी आली की थांबायचं, गाडी गेली की बोलायचं. ओरडायचं नाही, लोकांची घरं लागून आहेत." आई हे हसत हसत सांगायची, माहेराहून आलेल्या खुळ्या पोरीची गंमत म्हणून, आणि तमन्नाही हसायची. कामशेत सोडून गाडी मळवलीकडे निघाली तेव्हा तिला त्या हसण्याचा राग आला. आईचाही राग आला. एवढा मोठा आवाज आणि तो एका वाक्यात गिळायला लावला, आणि ती गिळून वर त्याची गंमत सांगते!

आणि मग शेवटचा शॉट आला. यात घरातली सगळी माणसं येऊन गेलेली असतात आणि बाई एकटी, समोर बघून, कुणालाच उद्देशून नाही असं बोलते. तमन्नाने हा शॉट घेताना अंगठा वर केला होता हे तिला लख्ख आठवत होतं. आई बोलायला लागली, "आज माझ्या हातचं कुणाला काय मिळायचं न्हाई." शिट्टी आली. एक्स्प्रेस असावी, जोरात आली. आता आई थांबणार, तमन्नाला वाटलं. आई थांबली नाही. गाडी अंगावर येत गेली तसा आईचा आवाज वर चढत गेला, ओरडणं नव्हे, तो खाचराच्या या टोकाचा त्या टोकाला जाणारा आवाज होता, तमन्नाने जन्मात न ऐकलेला. "मी बसलेय हितं. मला बसू द्या." गाडी त्या शब्दांवरून गेली आणि ते शब्द गाडीतून आले, अर्धे चेचलेले, पण आले. तमन्नाने हेडफोन काढला. समोरच्या बाकावरची बाई तिच्याकडे बघत होती, कारण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं. एवढी गोष्ट आपल्या माइकमध्ये घडली आणि आपल्याला पत्ता नाही. आणि आता याच वाक्यावर प्रेरणाचा गोड, धुतलेला आवाज बसवणार. तिने मनातल्या मनात संदेशला एक सणसणीत शिवी दिली, मग स्वतःलाही दिली, आणि तिला बरंच बरं वाटलं.

घरी परवीन कांदा चिरत होती. तमन्नाने सगळं एका दमात सांगून टाकलं, आपली चूकही. परवीनने विचारलं, "कुटली गाडी?" तमन्नाने हेडफोन तिच्या कानांना लावला आणि पहिला शॉट ऐकवला. परवीनने डोळे बारीक करून ऐकलं आणि हेडफोन परत दिला. "मला तर न्हाई आली ऐकू." मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या, हसू आवरेना एवढ्या हसल्या, तेवढ्यात खरीच गाडी आली आणि त्या हसायच्या थांबल्या, गाडी गेल्यावर उरलेलं हसल्या. "अम्मी, अजून ऐक. शेवटचं ऐक." पण परवीन उठली. "नको बाई. आपलाच आवाज ऐकायचा, कसंतरीच वाटतं." मग कढईत तेल ओतता ओतता, पाठमोरी, ती म्हणाली, "घाला की त्या पोरीचा आवाज. चांगली बोलती ती. तुमचं काम अडायला नको माझ्यापायी."

"तुझं तोंड आणि दुसरीचा आवाज? चालेल तुला?"

"त्यात काय? दिसेन ना मी? परवा तुझ्या मावशीला सांगितलंय, पडद्यावर येणार म्हणून. आमाला कोण ऐकतंय? बघतील."

तमन्ना तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. आईने परवानगी दिली होती. एका अर्थाने सुटका झाली होती. चूक फिटली, फिल्म झाली, मार्क मिळाले, मावशी येऊन टाळ्या वाजवून जाणार. आणि नाही म्हटलं तर यातलं काहीच नाही. फिल्म बघायला जायचं म्हणून आईने कपाटातून काढून इस्त्रीला दिलेला मोरपिशी ड्रेस पुन्हा कपाटात. पण आईची ही परवानगी दादीने दिलेल्या त्या वाक्यातूनच आलेली होती, आणि ती घेणं म्हणजे दादीच्याच बाजूला जाऊन उभं राहणं होतं. "मी नाही घालू देणार," तमन्ना म्हणाली. परवीनने वळूनही बघितलं नाही. "उगाच हट्ट करू नको," ती म्हणाली. "हट्टच आहे," तमन्ना म्हणाली. कढईत मोहरी तडतडायला लागली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचली तेव्हा त्यांनी नमुना म्हणून आवाज चढवूनही ठेवला होता. पडद्यावर आईचे ओठ हलले आणि प्रेरणा बोलली: "आज माझ्या हातचं कुणालाही काही मिळणार नाही." बोलण्यामागे सगळं अगदी निःशब्द, ना कावळा ना गाडी, आणि त्या निःशब्दात आधीच्या शॉटमधलं आईचं थांबणं वेड्यासारखं दिसत होतं, विसरभोळ्या बाईसारखं. आपलंच माणूस आपली ओळख विसरलेलं पाहताना जसं होतं तसं तमन्नाला झालं. "नाही," ती म्हणाली. बसायच्याही आधी. "माझी चूक आहे, ती मी मॅडमना स्वतः सांगेन, माझे मार्क कापू देत. पण फिल्ममध्ये हा आवाज जाणार नाही. माझ्या आईचाच जाईल, गाडीसकट." मग तिने त्यांना लोकलमध्ये सापडलेलं सगळं सांगितलं, थांबणं आणि शेवटी न थांबणं. प्रेरणा खाली बघत राहिली. आदिनाथने माउसवरचा हात काढून घेतला. संदेश म्हणाला, "हे तुला माहीत आहे, तमन्ना. बघणाऱ्याला नाही. बघणारा म्हणेल, आवाज खराब आहे."

"आवाज खराब आहे की बोलणं खराब आहे? काल 'तसंही' म्हणालास ना तू? सुदुंबऱ्याहून तुझ्या आईचा फोन येतो तेव्हा तू बाहेर जाऊन 'व्हय, व्हय, येतो की' म्हणतोस. ऐकलंय मी. तुझी आई बसली असती उंबऱ्यात, तर तिच्यावरही प्रेरणाला चढवलं असतंस?"

हे बोलायला नको होतं असं तिला बोलतानाच वाटलं आणि तरी ती बोलली. संदेशचे कान लाल झाले. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आलेला होता. "पहिल्या वर्षी मी वर्गात 'न्हाई' म्हटलं होतं. एकदाच. अख्खा वर्ग हसला. तू पण हसली होतीस." तमन्नाला आठवलं. ती हसली होती. "तो हॉल भरलेला असेल," संदेश म्हणाला, "मावशी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील, आणि लोक त्यांना हसतील. मला नकोय ते. मी त्यांच्या हातचं जेवलोय." तमन्नाने त्याच्याकडे बघितलं. हा वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. पण नाही ते नाही. हसतील तर हसोत, हसणाऱ्यांचे दात दिसतील. पण हसू नये म्हणून आधीच तोंड बंद करून ठेवायचं, हे तिला आता या जन्मात पटणार नव्हतं. "माझं मत मिळणार नाही," ती म्हणाली. "फिल्म अडली तर अडली."

"मावशींनाच विचारू," म्हणून संदेशने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तमन्नाने अडवलं नाही. आईचं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि आईने हो म्हटल्यावरसुद्धा आपण नाहीच म्हणायचं, आईच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, हे ती मनाशी पक्कं करत होती. संदेशने अगदी आर्जवाने सांगितलं, की मावशी, काम एक नंबर झालंय, फक्त गाडीमुळे शेवटचं बोलणं ऐकू येत नाही, प्रेरणा बोलेल तुमच्या जागी, चालेल ना? पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"काय बोलले होते मी शेवटी?" परवीनने विचारलं. "आठवत न्हाई बघ. लाव जरा."

आदिनाथने लावलं. एक्स्प्रेस खोलीत शिरली आणि तिच्या पोटातून तो आवाज वर आला. संपल्यावर प्रेरणाला वाटलं फोन कट झाला.

"हे मी?" परवीन म्हणाली.

"हो, मावशी."

"परत लाव."

आदिनाथने परत लावलं. या वेळी तमन्ना पडद्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती. जणू आई तिथे, त्या टेबलावर, स्वतःचं ऐकत उकिडवी बसली होती.

"संदेश," परवीन म्हणाली, आणि तिचा आवाज कालच्यासारखा पाठमोरा नव्हता, "ऐकू येतंय की रे सगळं. मला आलं."

"मावशी, पण ती गाडी..."

"गाडीचं काय, ती जाती निघून. मी बसलेय ना तितं? मग माझं मलाच बोलू द्या. त्या पोरीला सांग, रागावू नको, पण माझ्या तोंडातून तिनं न्हाई बोलायचं. न्हाई चालायचं मला."

संदेश फोनवर वाकलेलाच राहिला. मग हळूच, पहिल्या वर्षानंतर वर्गात कधी बोलला नव्हता तसा, म्हणाला, "व्हय, मावशी." कुणी हसलं नाही. आदिनाथने कुणाला न विचारता प्रेरणाचा आवाज काढून टाकला.